कडब्याचा चाँद

शाबान लागला की आमच्या घरात दोन याद्या तयार होतात. एक किराण्याची: खजूर, बेसन, शेवया, सुके खोबरे, चारोळी. दुसरी मुलांची. यंदा धाकटीने ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून फ्रिजवर चिकटवली आहे. ‘कडबा दोन पेंढ्या. बाभळीचे काटे. डिंक. गव्हाचे काड. खजुराच्या बिया फेकायच्या नाहीत.’ शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या आहेत, कारण बिया फेकणारे कोण हे घरात सर्वांना माहीत आहे. एका चाँदाला सहा-सात धाटे पुरतात, मग दोन पेंढ्या कशाला, असे आम्ही विचारले. तिने नुसते आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्यामागे गेल्या ईदची एक गोष्ट आहे आणि त्या गोष्टीत चूक आमची आहे. ती सांगूच. आधी कामाचे बोलू, कारण रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होईल आणि हे काम असर आणि इफ्तारच्या मधल्या त्या लांबलेल्या वेळेत करायचे आहे. ज्या मुलांचे पहिले-दुसरेच रोजे असतात ती त्या वेळी घड्याळापुढून हलत नाहीत. हाताला काहीतरी दिले की वेळ सरतो.

मागच्या आठवड्यात पाचवीच्या वर्गात एका मुलाने विचारले, “टीचर, ईद दरसाल मागे मागे का सरकते?” तो बालवाडीत होता तेव्हा ईद मे महिन्यात आली होती, हे त्याला त्याच्या अम्मीने सांगितले होते. आम्ही फळ्यावर आकडे मांडले. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे, कधी ३५५. इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचे. दरसाल दहा-अकरा दिवस कमी पडतात, म्हणून ईद उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे सगळे फिरून सुमारे ३२ वर्षांनी पुन्हा जुन्या जागी येते. शेजाऱ्यांचे पंचांगही चाँदावरच चालते, पण ते दर दोन-तीन वर्षांनी एक अधिक महिना घालून सणांना ऋतूशी बांधून ठेवतात. आपण बांधत नाही.

मुलांना गंमत वाटली ती पुढच्या हिशेबाची. सध्या पाडवा आणि ईद एकमेकांना लागून येत आहेत. २०२४ साली ९ एप्रिलला पाडवा आणि ११ ला ईद. २०२५ साली ३० मार्चला पाडवा आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ ला ईद. यंदा १९ मार्चला पाडवा आहे आणि चाँद दिसेल त्याप्रमाणे २० किंवा २१ ला ईद. चाँद एकच. ते अमावास्या संपली की दिवस धरतात, आपण कोर डोळ्यांना दिसेपर्यंत थांबतो, एवढ्यावरून एक-दोन दिवसांचे अंतर पडते. येत्या मे-जूनमध्ये मात्र अधिक ज्येष्ठ आहे. त्यानंतर ही जोडी सुटेल. पुढल्या साली ईद मार्चमध्येच असेल आणि पाडवा एप्रिलमध्ये जाईल. पुन्हा हे दोघे एका आठवड्यात भेटतील तेव्हा आज पाचवीत असलेली ही मुले आमच्या आजच्या वयाच्या जवळपास आलेली असतील. एका मुलीने लगेच वहीत स्वतःचे तेव्हाचे वय काढून पाहिले आणि ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली.

सजावटीशी याचा संबंध काय? दुकानातली सजावट बारा महिने तीच असते. रानातली ईदगणिक बदलते. २००८ साली ईद २ ऑक्टोबरला होती. तेव्हा बाजरी निघालेली, कणसांची जुडी दारावर बांधली की काम झाले. २०१५ आणि २०१६ साली ईद जुलैमध्ये, पालखीच्या दिवसांच्या आसपास आली. त्या ओलीत कडबा काळा पडलेला, काड कुजलेले. तेव्हा मुलांनी नुसती हिरवी पाने ओवली आणि ती संध्याकाळपर्यंत मलूल झाली. फेब्रुवारी-मार्चमधला रमजान हा या कामासाठी सर्वांत श्रीमंत. आणि तो आमच्या वाट्याला दुसऱ्यांदा आला आहे.

पहिल्यांदा आला तो आमच्या लहानपणी, १९९२-९३ च्या सुमारास. आम्ही तेव्हा इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या पुढच्या एका खेड्यात राहत होतो. १९९३ चा मार्च आमच्या वयाच्या कोणालाच विसरता येणार नाही. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या होत्या आणि १२ मार्चला बाँबस्फोट. रमजान चालू होता. आमच्या गावात कोणी कोणाला वाकडा शब्द बोलले नाही, हे नमूद केले पाहिजे. पण अब्बा इफ्तार झाली की रेडिओ कानाशी धरून बसत आणि घरात भांड्याचा आवाज झाला तरी दचकत. दरसाल ते इंदापूरच्या बाजारातून पतंगी कागद आणत, त्याच्या झालरी कापून आम्ही दारावर लावत असू. त्या साली ते म्हणाले, “इस साल दरवाजे पे कुछ नक्को.” कारण सांगितले नाही. आम्ही विचारलेही नाही.

दादीने ते ऐकले. ती आम्हा भावंडांना घेऊन मागे गेली. तिथे नुकतीच काढून रचलेली कडब्याची गंज होती. तिने चांगली जाड धाटे निवडून ओढली, विळीवर त्यांची साल सोलली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या सालींचा चाँद झाला. पोरे कडब्याची बैलगाडी करतात ना, भेंडाची चाके आणि सालीची जू, तीच विद्या. फक्त गाडीऐवजी चाँद. तो तिने माजघराच्या आतल्या दाराला बांधला. बाहेरून कोणाला दिसणार नाही असा. अब्बांनी पाहिला, काही बोलले नाहीत. ईदच्या दिवशी नमाज पढून आले तेव्हा त्याच्याखाली उभे राहून त्यांनी आम्हाला ईदी दिली.

दादी जाऊन वीस वर्षे झाली. हात मात्र तिचे शिकवलेले विसरले नव्हते. तीन वर्षांपूर्वी वर्गात ‘मौसम’ हा धडा शिकवताना आम्ही मुलांना घरून येताना वाटेत सापडेल ती एक नैसर्गिक वस्तू आणायला सांगितले. अर्ध्याहून अधिक मुलांनी आणले ते प्लास्टिकची फुले, बाटलीचे झाकण, वेफर्सचे चमकते पाकीट. त्यांच्यावर काय रागवायचे, वाटेत सापडते तेच त्यांनी आणले. एकाने बाभळीची शेंग आणली होती आणि तिला काय म्हणतात ते वर्गात कोणालाच सांगता आले नाही, ना मराठीत ना उर्दूत. त्या दिवशी घरी येऊन आम्ही मुलांच्या अब्बूंना म्हणालो, रविवारी गावाकडे जाऊ आणि येताना कडबा आणू.

बारामती ते इंदापूर रस्ता जेमतेम पन्नास किलोमीटरचा. भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी. ज्यांचे या रस्त्याने रोजचे जाणे-येणे आहे त्यांना यात बघण्यासारखे काही वाटत नाही. मुलांना खिडकीशी बसवून फक्त एवढे सांगा, की पुढल्या महिन्यात ईदला दारावर काय लावता येईल ते मोजत चला. आमच्या मुलांनी भवानीनगरच्या कारखान्यापर्यंतच सात वस्तू मोजल्या होत्या. गळीत हंगाम सरत आलेला असतो, रस्त्याच्या कडेला उसाचे वाढे आणि पाचट पडलेले असते. उभ्या उसाला कुठे कुठे पांढुरके तुरे असतात. रब्बीची ज्वारी काढणीला आलेली किंवा निघालेली. गहू पिवळा पडलेला. बांधावर बाभळी, आणि त्यांच्या सालीवर डिंकाचे तांबूस मणी. लिंबाला नवी तांबडी-पोपटी पालवी. पिंपळाखाली जुन्या पानांचा खच. ओढ्याच्या कडेला शिंदीची झाडे, ज्यांच्या पानांचा फडा होतो. निमगावचे पानमळे. आणि गाडी पुढे उजनीच्या पाण्याकडे नेली तर पाणकणसे, काठाच्या चिखलात तपकिरी कांड्यांसारखी उभी. भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी दिसतात, त्यांची गुलाबी पिसे मुलांना हवी असतात. ती मात्र तिथेच राहू द्यावी. रानपाखराचे पीस घरी आणणे कायद्यात बसत नाही आणि मुलांना हे एकदा सांगितले की पुरते.

एक नियम आम्ही पहिल्याच वर्षी ठोकर खाऊन शिकलो. पोरांनी लासुर्ण्याजवळ गाडी थांबवून उसाचे चार तुरे ओढले आणि पलीकडून शेतकरी ओरडत आला. आम्ही मुलांना पुढे केले, माफी मागायला लावली. दुसऱ्याच्या रानातले न विचारता घेतलेले धाटही हक्काचे नाही, मग ते ईदच्या दाराला कसे लावणार? तो गृहस्थ कशासाठी हवेत ते ऐकून हसला. म्हणाला, “तुरा न्या हो पाहिजे तेवढा. तुरा आला म्हणजे माझं वजन गेलं.” उसाला तुरा आला की वाढ थांबते, आतून भेंड पडते, उतारा घटतो. आपल्याला जे सुंदर दिसते ते त्याला नुकसान दिसते, हे मुलांना त्या बांधावर कळले. तेव्हापासून आधी हाक, मग हात. उसात शिरताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पानाच्या कडा कापतात आणि कूस अंगाला लागली की दिवसभर खाजते.

आता चाँद. धाटे अंगठ्याएवढी जाड, कोरडी आणि किडीचे भोक नसलेली निवडा. पाने काढून टाका. साल सोलण्याचे काम मोठ्यांनी करावे, सालीची कड पात्यासारखी असते, बोट कधी कापले ते कळतही नाही. बोटभर रुंदीच्या लांब पट्ट्या काढा आणि तासभर पाण्यात भिजवा. भिजली की पट्टी वाकते. पेराशी मात्र ती मोडते, म्हणून पट्टी पेराच्या जवळ कापून दुसरी तिच्यावर चार बोटे चढवा आणि सुती दोऱ्याने घट्ट गुंडाळा. बाहेरच्या मोठ्या कमानीला अशा तीन पट्ट्या लागतात, आतल्या कमानीला दोन. दोन्ही कमानींची टोके एकत्र बांधली की चाँदाची कोर तयार होते. ती अजून लिबलिबीत असते. तिला घट्टपणा येतो तो भेंडाने.

भेंड म्हणजे धाटाच्या आतला पांढरा गाभा. हे सगळे मुलांचे काम. त्याचे दोन-तीन बोटांचे तुकडे कापायचे आणि दोन कमानींच्या मध्ये आडवे बसवून बाहेरून बाभळीचा काटा टोचायचा. काटा सालीतून जातो आणि भेंडात रुततो, खिळ्यासारखा. मधोमध तुकडा मोठा, टोकांकडे लहान लहान होत गेलेला. पाचवीच्या मुलाला मोजमापाचा यापेक्षा चांगला धडा आम्हाला माहीत नाही. काटे मुलांच्या हाती द्यायला आया घाबरतात. आम्हीही घाबरलो. थोरल्याला पहिल्या वर्षी दोनदा टोचले, दुसऱ्या वर्षी एकदा, तिसऱ्या वर्षी तो धाकटीला शिकवत होता. अगदी लहानांना काटे नकोत, त्यांना भेंडाच्या चकत्या रंगवायला द्या.

रंग दुकानातून आणायला हरकत नाही, पण रमजानमध्ये रंग घरातच तयार होत असतो. इफ्तारसाठी डाळिंब सोलले की साले साठवा. इंदापूरकडे डाळिंबाला काय तोटा. मूठभर साले अर्धा तास उकळली की पिवळा रंग उतरतो. त्यातल्या अर्ध्या पाण्यात गंजलेले चार खिळे रात्रभर टाकून ठेवा, सकाळी ते पाणी काळपट झालेले असते. हळदीच्या पाण्यात चुन्याचे बोट फिरवले की तांबडा. बीटचा रंग पहिल्या दिवशी सर्वांत देखणा आणि चौथ्या दिवशी सर्वांत उदास. भेंड रंग पटकन पितो, दोराही पितो. गव्हाच्या काडाला रंग धरत नाही आणि धरू नये, त्याला स्वतःची सोनेरी झाक आहे.

डिंक बाभळीचा, पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यायचा. दुकानातला गोंद वापरला म्हणून काही बिघडत नाही. कागद चिकटवायला मैद्याची खळ बरी, पण जुने लोक खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत ते मुलांच्या कामात अजिबात नको, ते विष आहे.

तारे सोपे आहेत. गव्हाचे काड अर्धा तास भिजवा, नखाने उभे चिरून उलगडा आणि वरून गरम इस्त्री फिरवा. चपट्या पट्ट्या मिळतात. चार पट्ट्या मधोमध एकमेकींवर ठेवून दोरा प्रत्येकीच्या एकदा वरून, एकदा खालून नेत बांधला की आठ टोकांचा तारा होतो. जर्मनीत नाताळच्या झाडावर असेच काडाचे तारे लावण्याची जुनी पद्धत आहे. आठ टोके आम्ही मुद्दाम सांगतो, कारण तो आकार आपल्या इमारतींत जागोजाग आहे. विजापूरच्या गोल घुमटात उभे राहून वर पाहा, एवढा मोठा घुमट एकमेकांत गुंफलेल्या दोन चौकोनांच्या कमानींवर तोललेला दिसतो, आणि त्या दोन चौकोनांना टोके आठच.

पिंपळाची पाने रमजानच्या पहिल्याच आठवड्यात भिजत टाका. बादलीत पाणी, त्यात पंधरा-वीस धड पाने, वर दगड आणि बादलीला झाकण. झाकण विसरलात तर डास होतील आणि वासाने शेजारी बोलतील. दर चार-पाच दिवसांनी पाणी बदला. तीन-चार आठवड्यांत पानाचा मांसल भाग कुजून सुटा होतो, जुन्या दात घासायच्या ब्रशने हळूच घासला की शिरांची जाळी उरते. रोजे संपायला आणि पाने तयार व्हायला एकच गाठ पडते.

आणि खजुराच्या बिया. घरात जेवढे रोजेदार तेवढ्या रोज, धुऊन, वाळवून, बरणीत. बीला लांबीच्या अंगाने एक खाच असते, दोरा त्या खाचेत बसवून गाठ मारली की बी निसटत नाही. अशा माळा होतात. धाकटीने गेल्या वर्षी फक्त स्वतःच्या रोजांच्या बिया वेगळ्या ठेवल्या होत्या. सतरा निघाल्या. ती माळ तिने कोणाला हात लावू दिली नाही.

खजुरावरून आठवले. काही वाचक विचारतील, आणि एका भगिनींनी मागे पत्रातून विचारलेही होते, की ही सजावट करावीच कशाला? करावीच असे आम्ही म्हणत नाही. फितरा वेळेवर द्यावा, गुस्ल करावा, अंगावर स्वच्छ कपडे असावेत, शेजारी शीरखुर्मा पोचवावा, ईदची तयारी ती एवढी. ज्या घरात दार साधेच ठेवतात तिथे ईद उणी होत नाही. आमचा मुद्दा एवढाच, की लावायचेच असेल तर काय लावावे. मदिनेत मस्जिद-ए-नबवी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिचे खांब खजुराच्या बुंध्यांचे होते आणि छत झावळ्यांचे. पाऊस आला की ते गळत असे. जवळ जे उगवत होते त्याचेच ते बांधलेले होते. अरब देशांत खजुराची पाने विणून टोपल्या, चटया करण्याची विद्या आजही चालू आहे, आणि खजुराच्या झाडाभोवतीच्या अशा साऱ्या कौशल्यांची २०१९ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. आपल्या ओढ्याकाठची शिंदी ही त्याच खजुराची बहीण. फडा बांधणाऱ्या बायांकडून चार पाने मागून घ्या, त्यांच्यासमोर बसून मुलांना दोन वेण्या घालायला लावा. त्या हसतील, आणि शिकवतील.

आता ती गोष्ट.

गेल्या साली ३० मार्चला, रविवारी, पाडवा होता. आमच्या गल्लीत समोरासमोर दारे आहेत. समोरच्या काकूंनी तोरणासाठी आंब्याची पाने आणली होती, त्यातली उरलेली जुडी त्यांनी सकाळीच मुलांना दिली. लिंबाचा डहाळाही दिला. दिवसभर आमची मुले ओट्यावर बसून पाने ओवत होती, कडब्याचा चाँद मधोमध, दोन बाजूंना काडाचे तारे, खाली बियांची माळ. संध्याकाळी काकू गुढी उतरवत होत्या तेव्हा आमची पोरे गच्चीवर होती. मगरिबच्या सुमारास ओरडा झाला. चाँद दिसला होता. काकूंनी खालूनच विचारले, “दिसला का रे?” आणि पोरांनी त्यांना वर बोलावून बोट करून दाखवला.

तेवढ्यात फोन आला की मुलांच्या फुप्पी पुण्याहून सकाळी येत आहेत, मुलाच्या होणाऱ्या सासरची माणसे सोबत. आम्ही दाराकडे पाहिले. लिंबाची पाने कोमेजलेली, चाँद एका अंगाला किंचित कललेला, बियांवर खजुराचा चिकटा राहिल्यामुळे मुंग्या लागलेल्या. आणि आम्हाला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. शाळेत मुलांना हे शिकवणारे आम्ही, या मासिकात लिहिणारे आम्ही, रात्री नऊ वाजता बाजारात गेलो आणि अडीचशे रुपयांची सोनेरी इंग्रजी अक्षरांची माळ आणि बॅटरीवर लुकलुकणारे तारे घेऊन आलो. मुले झोपल्यावर दार बदलले. चाँद काढून बाल्कनीत ठेवला.

सकाळी धाकटी रडली असती तर बरे झाले असते. ती दारासमोर उभी राहिली, वर पाहिले, मग बाल्कनीत जाऊन चाँद घेतला आणि आत पलंगाखाली ठेवला. पाहुणे आले, गेले. दाराकडे कोणी पाहिलेही नाही. जेवण चांगले झाले असे म्हणाले.

बासी ईदीला आम्ही गावाकडे गेलो. धाकटीने चाँद जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून सबंध एसटीत मांडीवर धरला होता. मुलांची नानी दारातच बसली होती. तिने कागद सोडला आणि बराच वेळ तो हातात फिरवला, कुठे काटा टोचला आहे, कुठे पट्टी जोडली आहे ते बोटाने चाचपून. आमच्या दादीच्या हाताखाली तिनेही तेव्हा साली भिजवल्या होत्या. आम्ही म्हणालो, आत माजघरात लावू. ती म्हणाली, “नक्को. अंदर बहुत दिन लटका एक. ये बाहर की चीज है.” आणि थोरल्याला स्टुलावर चढवून तिने तो रस्त्याकडच्या दाराला, अगदी वर, चौकटीच्या मधोमध बांधून घेतला. अब्बा आता नाहीत. ते असते तर काय म्हणाले असते हे नानीला विचारायचे आमच्या ओठावर आले होते, पण विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. शेळी सुटली होती, ओट्यावर चढून मागच्या पायांवर उभी राहिली आणि चाँद खाऊन गेली. आंब्याची पाने, लिंब, भेंड, साल, सगळे. दोरा तेवढा उरला. नानी फोनवर इतकी हसत होती की तिला बोलता येईना. धाकटीने फोन घेऊन गंभीरपणे विचारले, तारे पण खाल्ले का? तारे पण. बिया? बिया सांडल्या होत्या, नानीने वेचून ठेवल्या होत्या, सोळाच सापडल्या.

आमची सोनेरी अक्षरांची माळ माळ्यावर पिशवीत आहे. परवा शोधताना बाहेर निघाली. दोन अक्षरे तुटली आहेत, चमक हाताला लागते, आणि तिचे काय करावे ते आम्हाला सुचलेले नाही. घंटागाडीवाला ओल्या कचऱ्यात घेत नाही, सुक्यात टाकली तर ती कुठे जाईल ते आम्हाला ठाऊक आहे.

कडब्याच्या दोन पेंढ्या आम्ही निमगावात सांगून ठेवल्या आहेत. एक चाँदासाठी. दुसरी शेळीला, चाँद लावायच्या आधी.